चार बोटे बर्फ

पुष्कळ वर्षे झाली या गोष्टीला. एका डोंगराळ राज्यात, घाटमाथ्यावर एक बाजारपेठ होती. हिवाळ्यात बर्फ पडून घाट बंद झाला, की तीन महिने खालून काही वर येत नसे. म्हणून साऱ्या पंचक्रोशीचे मीठ एका व्यापाऱ्याच्या वखारीत साठवलेले असे.

व्यापारी माणूस चांगला, पण टापटिपीचे भारी वेड. त्या वर्षी वखारीच्या कौलांवर गुडघाभर बर्फ साचला. ओझ्याने छप्पर खचेल या धास्तीने त्याने गडी बोलावले आणि त्यांच्या हाती लोखंडी फावडी दिली.

तेवढ्यात शाकारणी करणारा म्हातारा लगबगीने आला. पेठेतले प्रत्येक छप्पर त्याच्या पायाखालचे.

"शेठ, ओझं उतरवताय ते बरोबर," तो म्हणाला. "पण लाकडी फळीनं ओढा, आणि खाली चार बोटं बर्फ राहू द्या. गारठ्यात कौल पापडासारखं होतं. फावडं टेकलं की तडकलंच."

"अर्धवट काम मला खपत नाही, बाबा. झाडायचं तर लख्ख झाडायचं."

झाले! कौले लख्ख झाली. पेठेतली सगळी छपरे पांढरी, याचे तेवढे तांबडे. व्यापारी येता-जाता मान वर करून बघे आणि खूश होई.

आठवड्याने पुन्हा बर्फ पडला, मागोमाग ऊन पडले. तडकलेल्या कौलांतून पाणी आत उतरले. व्यापाऱ्याने वखार उघडली, तर अर्ध्या गोणी सपाट झालेल्या आणि खारट पाणी उंबऱ्याकडे वाहत आलेले. तो धावतच म्हाताऱ्याकडे गेला.

"बाबा, आत्ताच्या आत्ता नवी कौलं बसवा!"

"या थंडीत एक बसवायला गेलो तर दहा फुटतील," म्हातारा म्हणाला. "आज वरून तेल पाजलेलं जाड कापड ताणून बांधतो. कौलं उन्हाळ्यात बघू."

"मीठ वाचेल?"

"उरलेलं वाचेल."

त्या हिवाळ्यात घरोघरी अळणी जेवणे झाली. दारी येणाऱ्या बायकांना ओंजळीऐवजी चिमूटभर मीठ देताना व्यापाऱ्याला मेल्याहून मेल्यासारखे होई. "दुसऱ्या कुणी नाही, मीच घालवलं," असे तो स्वतःहून सांगे.

पुढच्या वर्षी गड्यांच्या हाती लाकडी फळ्या होत्या. व्यापारी खाली उभा राहून घसा फोडून ओरडत होता, "पुरे, पुरे! चार बोटं राहू द्या!"

एखादी गोष्ट जपायची, तर हात कुठे थांबवायचा हे आधी कळावे लागते.