ढब्बू बेडकाचं ‘आपण’

रोज संध्याकाळी कुणी तुम्हाला प्रेमाने ‘जेवलात का?’ विचारलं, तर त्याचं पुढचं बोलणंही तुम्ही ऐकाल ना?

फार पूर्वी माळावरच्या एका तळ्यातले बेडूकही ऐकायचे. त्या वर्षी तळं आटत चाललं होतं. एके सकाळी टिटवी काठावरून फिरली आणि ओरडली, “पाणी आजच्यापुरतंच आहे. चिखल झाला की बगळे येतील. तुम्ही टेकडीपलीकडच्या तळ्यात निघा!”

बोलली खरी, पण अशी खेकसून, की बेडूक म्हणाले, “आली मास्तरीण!”

संध्याकाळी ढब्बू बेडूक नेहमीसारखा खडकावर बसला. गळा फुगवून मऊ आवाजात म्हणाला, “जेवलात का रे सगळे? आपण साधी माणसं.” यात काही चुकलंय असं एकाही बेडकाला वाटलं नाही. “आपलं तळं आटत नाही. पलीकडचे बेडूक आपलं पाणी पळवतात. आपण हलायचं नाही!”

सगळं तळं डराव डराव करू लागलं. फक्त चिंगी बेडकीला चैन पडेना.

“ढब्बूदादा, माझी पिल्लं लहान आहेत. खरंच थांबू ना?”

“अगं चिंगे, आपण सगळे एकत्र आहोत ना?”

‘आपण’ ऐकून चिंगीचे डोळे भरून आले. तिने बांधलेलं बोचकं सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्याचा चिखल झाला आणि बगळे आले. टेकडीपलीकडच्या तळ्यात ढब्बू बेडूक तिथल्या बेडकांना सांगत होता, “आपल्या तळ्यात हल्ली बाहेरचे फार यायला लागलेत.”