राक्षसाचं घोंगडं

फार पूर्वी डोंगराखालच्या एका गावात एक बाहुलीवाली राहायची. जत्रेचे सात दिवस चावडीपुढे तिचा बाहुल्यांचा खेळ चाले. रीत अशी, की दरवर्षी खेळातल्या राक्षसाला नवे कपडे शिवायचे आणि खेळ संपला की पोरांनी त्याला हवं तेवढं बडवायचं.

त्या वर्षी पाटलाने घोंगड्याचा तुकडा आणून दिला. "यंदा राक्षसाला हे घाल."

"हे तर धनगर पांघरतात, पाटील."

"मग? कापडच आहे ना ते!"

तिलाही वाटलं, खरंच, कापडाला काय होतंय? टाकलं शिवून.

घोंगडं पांघरलेला राक्षस नाचला आणि लोक पोट धरधरून हसले. पाटील सगळ्यांत पुढे. गायरानावरच्या धनगरांना हुसकून ती जमीन त्याला घशात घालायची होती, हे हिला कुठून कळणार?

पाचव्या दिवशी त्या हसण्याचं फळ दिसलं. एक धनगरीण पाण्याला आली, तशी पोरं ओरडली, "राक्षसीण आली, बडवा!" एक दगड तिच्या कपाळाला लागला. हीच बाई बाहुलीवालीला रोज तांब्याभर दूध द्यायची, फुकट.

बाहुलीवाली धावली. पदराने रक्त पुसू लागली, तर धनगरीण म्हणाली, "पोरांवर ओरडू नको बये. तू शिकवलंस, ती शिकली."

शेवटच्या दिवशी पाटलाने बजावलं, "आज खेळ झाला की गावाला हात वर करायला सांगतो. उद्या धनगर गावाबाहेर. खेळ नीट कर, नाहीतर ही जागा विसर."

खेळ ऐन रंगात आला आणि ती थांबली. राक्षसाचं घोंगडं काढून तिने खेळातल्या राणीच्या तान्ह्या बाळाला गुंडाळलं. मग आपला तोच डागाळलेला पदर टर्रकन फाडला आणि राक्षसाला नेसवला.

"मावशे, राक्षस तुझ्यासारखा दिसतोय!" एक पोरगी खिदळली.

"दिसू दे. केला मीच ना? घोंगडं पाटलाने दिलं, घातलं मी, हसलात तुम्ही. दगड मात्र त्या बाईने खाल्ला."

एक म्हातारी हळूच म्हणाली, "माझा नातू तापाने फणफणला, तेव्हा तिच्याच घोंगड्यात निजला होता."

पाटलाने हात वर करायला सांगितलं. एकच हात वर गेला, त्याचा स्वतःचा.

पुढच्या वर्षी चावडीपुढची जागा गेली. तिने गायरानावर खेळ मांडला, तर गाव तिकडे लोटलं. राक्षसाच्या अंगावर अजून तिचाच पदर होता.

तात्पर्य: खेळ बघा, खुशाल हसा, पण राक्षसाला कपडे कुणी पुरवले, ते आधी विचारा.