आवडी, फणसपरी आणि जाळीदार वॉफलं

निळाशार डोंगर आणि रुपेरी खाडी यांच्या मधोमध एक हिरवीगार फळबाग होती. बाग साऱ्या गावाची. झाडावरचं फळ गावाचं, आणि खाली पडलेलं ज्याला सापडेल त्याचं. बागेच्या कडेला एक इवलंसं कौलारू घर होतं. तिथे नऊ वर्षांची आवडी आपल्या आईबरोबर राहायची.

आवडीची आई भागीरथी. वाटेवरून जाणारा प्रत्येक जण सकाळी तिच्या ओट्यावर टेकायचा आणि तिच्या हातची गरम गरम घावनं खाऊनच पुढे जायचा. पण थंडीच्या दिवसांत ती डोंगरउतारावरून घसरून पडली आणि तिचा उजवा हात लुळा झाला. तेव्हापासून ओटा सुना पडला. मायलेकी सकाळी शिळी भाकरी खायच्या, तीही अर्धी अर्धी. आई कधी कुरकुरत नसे. फक्त वाटेवर पावलं वाजली की ती तोंड भिंतीकडे वळवायची.

वैशाखातली एक सोनसळी सकाळ होती. आवडी बागेत पडलेले आंबे वेचत होती. पानापानावर दव लुकलुकत होतं. इतक्यात मधमाशीच्या गुणगुणीएवढा नाजूक आवाज आला, "अगं, इकडे बघ ना कुणीतरी!"

मोठ्या फणसाच्या खोडावर पांढरा चीक ओघळला होता आणि त्या चिकात एक अंगठ्याएवढी परी चिकटून बसली होती. तिचे पंख फणसाच्या गऱ्यासारखे पिवळेधमक होते आणि झगा पोपटी. डोळ्यांत दोन टपोरे अश्रू.

"ओढू नकोस हं," परी घाबरून म्हणाली. "पंख फाटतील माझे."

"नाही ओढत," आवडी म्हणाली. "चीक तेलानं सुटतो. थांब, आलेच मी!"

ती धावत घरी आली. बाटलीच्या तळाशी चमचाभरच खोबरेल उरलं होतं, आईचा हात चोळण्यापुरतं. आवडी घुटमळली.

"आई, तेल घेऊ? बागेत कुणीतरी चिकात अडकलंय."

"मग विचारत काय उभी राहिलीस? पळ, बाय माझी!"

आवडीनं करंगळी तेलात बुडवून एकेक पंख अलगद सोडवला. सगळं तेल संपलं तेव्हा परी भुर्रकन उडाली आणि हवेत पिवळ्या ठिणग्यांची रांगोळी उमटली.

"मी फणसपरी," ती म्हणाली. "तुला दोन इच्छा देते. एक चिमटीएवढी, एक ओंजळीएवढी. पण नियम आहेत. आधी चिमटीची मागायची. मग सात सकाळी आपल्या हातांनी न्याहारी करायची आणि पहिला घास दुसऱ्याला द्यायचा. त्यानंतरच ओंजळीची. आणि जे तुझ्या हातांना जमेल, ते माझ्याकडे मागायचं नाही."

"मला आईचा हात बरा करून हवाय," आवडी लगेच म्हणाली.

"ती ओंजळीची इच्छा झाली, राणी. आधी चिमटीची सांग."

आवडीनं विचार केला. आई लहान असताना शहरात एका घरी कामाला होती. तिथे तिनं वॉफल नावाचा एक खाऊ पाहिला होता. वरून कुरकुरीत, आतून मऊ, आणि सगळ्या अंगावर मधाच्या पोळ्यासारखी जाळी, फक्त खळगे चौकोनी. त्या खळग्यांत रस साचतो म्हणे! आई कितीदा सांगायची, "तो लोखंडी साचा मिळाला असता ना, तर आपल्या फळांची वॉफलं केली असती मी."

"मला वॉफलचा साचा दे," आवडी म्हणाली.

परीनं तिच्या तळहातावर चिमूटभर सोनेरी धूळ टाकली. धूळ गरगर फिरली आणि बघता बघता तिचा काळा चकचकीत साचा झाला. पुस्तकासारखी दोन पानं, आत चौकोनच चौकोन आणि धरायला लांब दांडा.

"आणि पीठही कालवून दे ना!"

"ते तुझ्या हातांना जमेल."

"पण मला येत नाही!"

"येतं असं कुठं म्हटलं मी? जमेल म्हटलं," परी गोड हसली आणि पानांआड गेली.

साचा बघून आई उठूनच बसली. त्या दिवशी आवडीनं घरात होतं नव्हतं ते गव्हाचं पीठ, गूळ, नारळाचं दूध आणि आंब्याचा रस एकत्र केला आणि साचा चुलीवर ठेवला. पहिलं वॉफल साच्याला असं चिकटलं की खरवडून काढावं लागलं. दुसरं कोळसा झालं. तिसरं मधोमध लगदा. आवडीचे गाल काजळीनं माखले आणि ओठ थरथरू लागले.

"रडू नकोस," आई चुलीजवळ सरकत म्हणाली. "रस पातळ आहे, आधी आटव त्याला. अंड्यातलं पांढरं वेगळं काढ आणि साबणाच्या फेसासारखं होईस्तोवर फेट. आणि साच्याला तूप लाव. पाण्याचा थेंब टाकलास की तो साच्यावर नाचला पाहिजे, तोवर पीठ घालायचं नाही."

हात आवडीचे, जाणतेपण आईचं. दुसऱ्या दिवशी सूर्य वर आला तेव्हा साच्यातून केशरी वाफ निघाली. आवडीनं पानं उघडली. आत होतं सोनेरी, खमंग, जाळीदार वॉफल! एकही चौकोन मोडला नव्हता. आवडी त्याच्याकडे नुसती बघत राहिली. 'हे मी केलं,' ती मनाशी म्हणाली आणि तिची मान आपोआप ताठ झाली.

पहिलं वॉफल तिनं वाटेनं चाललेल्या होडीवाल्या धाकूकाकांना दिलं. काकांनी घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "भागीवहिनी, ओटा पुन्हा सुरू झाला म्हणायचा!" जाताना ते नारळ ठेवून गेले.

ही झाली पहिली सकाळ. मग रोज नवं फळ आणि नवा रंग. दुसऱ्या सकाळी फणसाचं पिवळंधमक वॉफल, तिसऱ्या सकाळी जांभळाचं जांभळंगर्द. जांभळाच्या बिया काढता काढता आवडीच्या जिभेलाही रंग चढला. करवंदांचं गुलाबी झालं, केळ्याचं मधासारखं, पपईचं शेंदरी. खाऊन जाणारा कुणी पीठ ठेवून जाई, कुणी गूळ, कुणी कोंबडीची अंडी. आई आता तोंड भिंतीकडे वळवत नसे. डाव्या हातानं पळसाची पानं पुसून मांडत ती सगळ्यांना सांगे, "माझ्या लेकीनं केलंय!"

सातवी सकाळ उजाडली. आवडीनं आंबट-गोड काजूबोंडांची वॉफलं केली. पण आज वाटेवर कुणीच येईना. बराच वेळ झाला. शेवटी तिनं टोपली डोक्यावर घेतली आणि ती डोंगराकडे निघाली.

सारं गाव ज्याचं पाणी प्यायचं, तो डोंगराखालचा झरा आदल्या रात्री पुरता आटला होता. साऱ्या बायका हंडे घेऊन दोन डोंगर पलीकडे निघाल्या होत्या. म्हाताऱ्या सखूमावशी वाटेतच दगडावर बसल्या होत्या. त्यांचे ओठ सुकले होते. आवडीनं वॉफल पुढे केलं.

"सुरेख दिसतंय गं," मावशी हळूच म्हणाल्या. "पण घशाला कोरड पडलीये. घास उतरायचा नाही, पोरी."

इतक्यात पिवळ्या ठिणग्या चमकल्या. फणसपरी समोर उभी होती. "सात सकाळी झाल्या, आवडी. घास पुढे केलास, तो दिल्यासारखाच. पुढे कर ओंजळ."

आवडीनं ओंजळ पुढे केली. तिच्या ओठांवर 'आईचा हात' आलं होतं. रोज रात्री झोपताना ती हेच म्हणत होती. तिनं सखूमावशींकडे पाहिलं. मग वर चढत गेलेल्या बायकांच्या रांगेकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले, पण आवाज कापला नाही.

"झऱ्याला पाणी दे," ती म्हणाली. "कधी न आटणारं."

तिच्या ओंजळीत पाणी चमकलं, भरलं, बोटांमधून सांडलं आणि झऱ्याच्या दगडांमधून खळाळत धावत सुटलं! बायका हंडे टाकून पळत परतल्या. सखूमावशी घटाघटा पाणी प्यायल्या आणि मग त्यांनी एक सोडून दोन वॉफलं खाल्ली.

आवडीला शोधत आईही झऱ्याशी आली होती. सगळं ऐकून तिनं लेकीला छातीशी धरलं. "माझ्या हातासाठी सात दिवस राबलीस ना गं? मग आता असं तोंड पाडू नकोस. आज मी जेवढ्या ताठ मानेनं चालेन ना, तेवढ्या हात बरा असतानाही चालले नव्हते."

फणसपरी दोघींच्या मध्ये तरंगत आली. "मागितलेलं मी देतेच, आवडी," ती म्हणाली. "आज न मागितलेलंही द्यावंसं वाटतंय. भागीरथी, बुडव हात."

आईनं लुळा हात थंडगार पाण्यात घातला. आधी करंगळी हलली, मग अंगठा, मग साऱ्या बोटांनी मिळून पाण्याला घट्ट पकडलं. परीचे पंख लखलखले. उजेड वाढत वाढत गेला, दवात, पाण्यात, पानापानात पसरला, आणि तो ओसरला तेव्हा परी दिसेनाशी झाली होती. पाण्यावर फक्त पिवळे थेंब थरथरत होते.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर जागा पुरेना. आई पदर खोचून म्हणाली, "सरक गं, आज मी करते!" तिनं ऐटीत साचा उचलला, पीठ ओतलं आणि घाईघाईनं साचा उघडला. वॉफल दोन्हीकडे चिकटून मधोमध फाटलं!

सगळे खो-खो हसले. आवडी शांतपणे पुढे झाली. "आई, आधी वाफ कमी होऊ दे. मग उघडायचं."

आईनं पुन्हा पीठ ओतलं. या वेळी ती लेकीच्या तोंडाकडे बघत थांबली. आवडीनं मान हलवल्यावरच तिनं साचा उघडला. सोनेरी, जाळीदार, अख्खं वॉफल!

"वा, वहिनी!" धाकूकाका म्हणाले. "कुठं शिकलात?"

आईनं आपला बरा झालेला हात आवडीच्या खांद्यावर ठेवला आणि अख्ख्या वाटेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हिच्याकडे!"