गंगूने उलटलेलं पान

फार फार वर्षांपूर्वी, आंबेखोल गावाला एकच पाणवठा होता तेव्हाची ही गोष्ट. आधीच सांगते, कुणाला मध्येच उठायचं असेल तर त्याने आत्ताच उठावं. नंतर मी कुणाला उठू देणार नाही.

या गावात येसो चित्रकथी राहायचा. चित्रांच्या पानांची पोथी मांडीवर उभी धरायची आणि एकेक पान दाखवत कथा गायची, हा त्याचा पिढीजात धंदा. बायको गंगू शेजारी बसून तुणतुणं वाजवायची. येसोने पोथी सोडली की पोरं तर पोरं, म्हातारीकोतारीसुद्धा आ वासून बसत. त्याने काढलेल्या आगीची धग तोंडाला लागायची, असं म्हणतात. घराण्याचा नेम मात्र एकच. कथा अर्ध्यावर ठेवून पोथी बांधायची नाही.

एका दुपारी देवळात कथा रंगली होती. राक्षसाचं पान समोर होतं, पुढच्या पानावर देवी त्याला मारणार होती. तेवढ्यात रानातून हाकाटी आली, डुक्कर उठलं! गावचा खोत ताडकन उभा राहिला. "येसो, उरलेला उद्या सांग," म्हणाला आणि भाला घेऊन निघालासुद्धा. खोतापुढे बोलायची येसोची छाती झाली नाही. त्याने पोथी बांधली. मेला तिथेच चुकला.

सकाळी गंगू नातीला उठवायला गेली. सात वर्षांची शेवंती डोळे सताड उघडे टाकून पडली होती. हलवलं, तोंडावर पाणी मारलं, पण पापणी लवेना. कथेला बसलेली चौदाच्या चौदा पोरं तशीच, पुढचं पान दिसायची वाट बघत असल्यासारखी. येसोने धावत जाऊन पोथी सोडली. राक्षसाचं पान कोरं होतं. पुढच्या पानावर देवीचा त्रिशूळ रिकाम्या जमिनीत रुतला होता.

येसोने राक्षस तीनदा काढला आणि तिन्हीदा रंग ओघळून गेला. चौथ्या दिवशी पोरांचे डोळे सुकायला लागले, तेव्हा तो गंगूला म्हणाला, "तेका मी पानात घेऊन येतंय. तू फुडचा पान उलट. मी हाक मारलंय तरी थांबा नको."

पोरांना उचलून देवळात आणलं. येसोने कोरं पान समोर धरलं, त्यामागे तोंड लपवलं आणि गाऊ लागला. आधी त्याचाच आवाज होता. मग त्यात एक घोगरा आवाज मिसळला. पानावर काळं काहीतरी पसरू लागलं. शिंगं आली, दात आले. पानाची कड धरलेली येसोची बोटं हळूहळू चपटी झाली, रंगाची झाली.

"गंगू, थांब गो!"

हाक येसोची होती की त्या दुसऱ्याची, हे आजवर कुणाला कळलेलं नाही. गंगूचा हात अडला. तिने शेवंतीच्या उघड्या डोळ्यांकडे बघितलं आणि पान उलटलं.

चौदा पोरांनी एकदम पापण्या मिटल्या आणि भोकाड पसरलं. पोथीमागे कुणीच नव्हतं. चित्रात राक्षस त्रिशुळाखाली पडला होता, आणि त्याच्या पायाला घट्ट मिठी मारून एक पागोटेवाला माणूस.

गंगू पुढे वीस वर्षं जगली. दर वर्षी त्याच दिवशी ती कथा होई आणि ते पान तीच उलटायची. दर वर्षी तिला ती हाक ऐकू येई, असं म्हणतात. किती जड जात असेल हो तिला!

आजही आंबेखोलात ते पान येसोच्या घरातली बाईच उलटते. हाक सगळ्या देवळाला ऐकू येते. कुणी जागचं उठत नाही, बाई थांबत नाही. पान उलटलं की पोरं मुद्दाम डोळे मिटतात, आणि गंगू दर वर्षी म्हणायची तेच शब्द बाई चित्रातल्या येसोला सांगते, "कथा पुरी झाली. आता इसावा घेवा."