पाच घरं

“…आणि हे पाचवं, बाबा. उद्या पहाटे निघतोय. तुमचा हात डोक्यावर असावा म्हणून आलो. देणार ना आशीर्वाद?”

दस्तगीरबाबा शेळीच्या पायातला काटा काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“आधीची चार कुठली?”

सारंगने सांगितलं. सायकलने हिमालय. पोहून खाडी. चोवीस तास न थांबता एकच जिना चढणं-उतरणं. मागच्या वर्षी किनाऱ्याकिनाऱ्याने सोळा दिवस धावणं. आणि उद्यापासून घाट चढून, पठार ओलांडून, वीस दिवस.

“कशासाठी?”

“शाळेसाठी. तिथल्या मुलांचे स्नायू हळूहळू निकामी होत जातात, बाबा. थोडी चालतात, बाकीची चाकाच्या खुर्चीत. मी धावलो की लोक देणग्या देतात. त्यांच्या व्यायामाची खोली अर्धी बांधून झालीय.”

सव्वीस वर्षांचा पोरगा. पण पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसं बोलत होता.

“दमला नाहीस?”

“नाही.”

काटा निघाला. शेळी तीन पायांवर चार पावलं गेली.

“ही बरी,” बाबा म्हणाले. “लंगडते, म्हणून कळतं तरी.”

सारंग हसला. मी खाली पाहिलं.

त्याच्या डाव्या नडगीच्या हाडाला चीर होती. एक्स-रे त्याने फक्त मला दाखवला होता आणि कुणाला बोलायचं नाही असं वचन घेतलं होतं. दीड महिना पाय टेकायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. धावलास तर हाड मोडेल, मग पुन्हा धावणं विसर, असंही.

मी चौतीस वर्षं नीतिशास्त्र शिकवलं. सारंग माझा विद्यार्थी. त्याच्या पाचही मोहिमांची आवाहनपत्रं मीच लिहिली. एक्स-रे पाहिला तेव्हा ‘थांब’ एवढा एक शब्द मला बोलता आला नाही. म्हणून त्याला घाटाखालच्या या फकिराच्या तकियात घेऊन आलो. जे मी बोललो नाही ते बाबांनी बोलावं म्हणून. याला शहाणपण म्हणावं की भित्रेपणा, मला अजून ठरवता आलेलं नाही.

बाबांनी हात धुतले. चिंचेच्या बुंध्याशी ठेवलेला कटोरा उचलून सारंगपुढे धरला.

ते रोज गावातल्या पाच घरी मागतात. मिळेल ते खातात. सहाव्या घरी जात नाहीत.

“आज माझा गुडघा धरलाय. तू जा. पाच घरं. स्वतःसाठी माग. नाव सांगू नकोस, काय करतोस तेही सांगू नकोस.”

“बाबा, मागायची मला सवय आहे,” सारंग म्हणाला. “लाखो लोकांकडे मागितलंय मी.”

“मग पाच घरांचं काय एवढं!”

तो अर्ध्या तासात परत आला. कटोरा काठोकाठ भरलेला. ज्वारीच्या भाकऱ्या, वांग्याचं भरीत, वर गुळाचा खडा.

“बघा.”

“काय म्हणून मागितलंस?”

“दस्तगीरबाबांसाठी द्या म्हटलं.”

बाबांनी कटोरा मांडीवर घेतला. एक भाकरी मोडून माझ्या हातावर ठेवली, दुसरी स्वतः खायला लागले. सावकाश, चवीने. बोटाला लागलेलं भरीतसुद्धा चाटून घेतलं. सारंगला विचारलं नाही.

“भरीत झकास आहे,” ते म्हणाले. “बाबांसाठी मागितलेलं बाबांनी खाल्लं. आता तुझ्यासाठी आण.”

सारंग पुन्हा गेला.

या वेळी तास उलटून गेला. तो आला तेव्हा कटोऱ्यात काही नव्हतं.

“कितव्या घरापर्यंत गेलास?”

“पहिल्याच. दारात उभा राहिलो… तोंड उघडेना.”

“का रे?”

“काय सांगायचं? धडधाकट आहे, कमावतो. मला कशाला द्यावं कुणी?”

“लाखोंकडे मागितलंस ना?”

“ते दुसऱ्यांसाठी होतं.”

“म्हणून जमलं.”

सारंगचा चेहरा लाल झाला.

“बाबा, स्पष्ट बोलतो. मी आशीर्वाद मागायला आलो होतो, खेळ खेळायला नाही. उद्या सकाळी तीस मुलं रस्त्यावर माझी वाट बघत असणार.”

“मग नको जाऊस. बस.”

तो बसला नाही. हरायची त्याला सवयच नव्हती. त्याने कटोरा उचलला आणि तिसऱ्यांदा गावाच्या वाटेला लागला. आता तो लंगडत होता, आणि लपवायचं विसरला होता.

माझ्याने राहवलं नाही.

“बाबा, त्याचा पाय…”

“दिसतंय, मास्तर.”

“मग थांबवा ना त्याला!”

“तुम्ही थांबवलंत?”

मी हातातली उरलेली भाकरी शेळ्यांपुढे टाकली.

ऊन कलायला लागलं. गावाकडून एक मोटरसायकल आली. चालवणारा साठीचा, डोक्याला टॉवेल बांधलेला. मागे सारंग, एक पाय लोंबता सोडून बसलेला.

“बाबा, ह्यो पावणा तुमचाच न्हवं?” गाडीवाला लांबूनच ओरडला. “आमच्या पायरीवर बसला त्यो उठंचना! आईनं पाय शेकला, भाकरी चारली. खाता खाता झोपला की वो, घास तोंडात! आई म्हणती, ह्या लेकराला कुणी एवढं दमवलंय, त्याला माझ्यापुढं उभं करा.”

मी चष्मा पुसायला घेतला.

“आईला म्हणावं, सापडला की धाडतो,” बाबा म्हणाले.

गाडीवाला हसत निघून गेला. सारंग चिंचेखाली टेकला. त्याचे डोळे सुजले होते. झोपेने की रडून, ते कळत नव्हतं.

“काय मागितलंस?” बाबांनी विचारलं.

“काही नाही. दोन घरं तशीच गेली. तिसऱ्या घरी उभं राहवेना, म्हणून पायरीवर बसलो. त्या आजी बाहेर आल्या. काय पाहिजे म्हणाल्या… मला काही सुचेना. म्हटलं, पाय दुखतोय.”

“मग?”

“मग त्या म्हणाल्या, बस.”

“आणखी?”

“आणखी काही नाही. नाव नाही विचारलं, गाव नाही. चुलीवर फडकं गरम करून आणलं.” तो थांबला. “बाबा, मला वाटलं त्या पुढे काहीतरी विचारतील. म्हणजे मला सांगता येईल, मी कोण ते… विचारलंच नाही.”

वरच्या फांदीवर पोपटांचा गलका चालला होता.

“वर्षभर दुखतोय तो,” सारंग म्हणाला. आवाज अगदी खाली गेला होता. “किनाऱ्यावर धावलो तेव्हापासून. आणि दमलोय मी. फार दमलोय.”

एवढं बोलून त्याने माझ्याकडे पाहिलं. मी नजर वळवली नाही. तेवढंच मला त्या दिवशी जमलं.

बाबा उठले. स्वतःचा गुडघा धरत, कण्हत आत गेले आणि घोंगडी घेऊन आले. तिची घडी घालून सारंगच्या डाव्या पायाखाली सरकवली. सारंगने पाय मागे घ्यायचा प्रयत्न केला. बाबांनी घोटा धरून ठेवला. मग त्याने सोडून दिलं.

बराच वेळ तो त्या पायाकडे बघत राहिला.

“खोली अर्धी आहे, बाबा.”

“हं.”

“उद्या ती मुलं येणार. खुर्च्यांतून, झेंडे घेऊन. दर वेळी निघताना ती विचारतात, दादा, दुखत नाही का रे? आणि मी सांगतो, दुखणं-बिखणं काही नसतं, मनाचा खेळ असतो सगळा. पाच वर्षं हेच सांगत आलोय त्यांना…”

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

“आता त्यांना काय सांगू?”

“त्या आजीला सांगितलंस ते.”