न सांगितलेले हत्ती

पूर्वी शिलावती नगरीत राजा अरिंदम राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथे गजाध्यक्ष होते. राजाच्या युद्धहत्तींची सारी देखभाल त्यांच्याकडे असे. त्या नगरीचा एक रिवाज होता. हत्तीखान्याभोवती उंच भिंत, नदीवर जायची वाटही दोन्ही बाजूंनी झाकलेली, आणि आत हत्ती किती हे कोणालाच सांगायचे नाही, अगदी राजपुत्रालाही नाही. परक्या दूताने विचारले, की बोधिसत्त्व नम्रपणे म्हणत, "ते आम्ही सांगत नसतो."

खरे तर तेव्हा हत्तीखाना भरलेला होता. दरबारी हळहळत, की एवढे वैभव आणि ते झाकून का ठेवायचे? बोधिसत्त्व म्हणत, "भरल्या दिवसांत गप्प राहिलो, तरच रित्या दिवसांत गप्प राहता येईल. नाहीतर आपले मौनच उत्तर होऊन बसेल." झाकली मूठ सव्वा लाखाची, असे म्हणून लोक हसत. फार चांगले दिवस होते ते. सकाळी भिंतीपलीकडून चीत्कार ऐकू आले, की बाजारातली माणसे हातातले काम थांबवून ऐकत राहत.

पुढे अरिंदम वारला. हत्तींत रोग शिरला आणि एकामागून एक हत्ती गेले. त्यांना भिंतीच्या आतच पुरले. उरली एकटी म्हातारी हत्तीण, भद्रिका. नेमके तेव्हाच शेजारचा राजा चंडकेतू सैन्य घेऊन सीमेवर येऊन बसला. हत्तीखाना रिकामा आहे असे कळते, तर तो दुसऱ्याच दिवशी चालून आला असता.

अरिंदमाचा मुलगा सुवीर आता राजा होता. तो घाबरून म्हणाला, "काका, शंभर हत्ती आहेत असे कळवून टाकू."

"महाराज, खोटे मी बोलणार नाही," बोधिसत्त्व म्हणाले. "आणि शंभर ऐकून तो परत जायचा नाही. दोनशे गोळा करून येईल."

चंडकेतूचा वृद्ध दूत कुंभक दरबारात आला. बोधिसत्त्व खोटे बोलत नाहीत हे तो जाणून होता. तो म्हणाला, "गजाध्यक्ष, आजचा आकडा मी विचारत नाही. अरिंदम महाराजांच्या वेळी किती होते, एवढेच सांगा. तरुणपणी तुमच्या भिंतीबाहेर उभा राहून मी ते चीत्कार ऐकलेत. ते हत्ती आता मेलेही असतील. मेलेल्यांचे कसले गुपित?"

 रोगात गेल्यापासून त्या हत्तींची आठवण कोणी काढली नव्हती. ऊस चोरणारा कोण, अंघोळ झाल्या झाल्या धुळीत लोळणारा कोण, एकेकाचे नाव बोधिसत्त्वांच्या जिभेवर आले. सांगावेसे फार वाटले. पण कालचे सांगून आजचे लपवले, तर आज काहीच उरले नाही हे कुंभक लगेच ओळखणार होता. सुवीर म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. तो काहीतरी बोलणार, तोच बोधिसत्त्वांनी त्याच्या हातावर हात ठेवला.

"तेही आम्ही सांगत नसतो," ते म्हणाले.

कुंभकाने आपल्या राजाला सांगितले, "जो मेलेल्यांचाही आकडा देत नाही, त्याच्याकडे जिवंत किती, हे मला कळले नाही. न कळता मी चढाईचा सल्ला देणार नाही." चंडकेतू आठवडाभर थांबला आणि परत गेला. दोन्हीकडचे सैनिक जिवंत घरी पोचले.

त्या संध्याकाळी बोधिसत्त्व भद्रिकेपाशी बसले आणि तिच्या कानाशी त्यांनी सगळ्या हत्तींची नावे घेतली. ऐकायला दुसरे कोणी नव्हते.

पूर्वजन्मीची ही कथा सांगून तथागत बुद्ध म्हणाले, "भिक्षूंनो, तो कुंभक म्हणजे आजचा सारिपुत्र, सुवीर म्हणजे आनंद आणि गजाध्यक्ष मीच होतो. खोटे न बोलता, आपल्या आवडीचेही मनात ठेवून इतरांचे जीव राखणे, याला वाणीचा संयम म्हणतात."

सगळे उठू लागले. आनंद मात्र बसून राहिला. त्याने विचारले, "भंते, मग ते किती होते?"

 "शिलावती आता नाही," तथागत म्हणाले. "भिंत नाही, चंडकेतूही नाही. आता सांगायला हरकत नाही. ते त्रेसष्ट होते, आनंदा. सर्वांत पुढे चालायचा, त्याचे नाव मेघ."