वाया गेलेली पिढी

पिंपळदऱ्याच्या ग्रामसभेत केतकीने दूधसंस्थेची बंद खोली अभ्यासिकेसाठी मागितली, तसे सरपंच तात्या उखडले. “ही पिढीच आळशी! खोली दिली तर मोबाइल घेऊन लोळत पडाल.”

परीक्षा दोन महिन्यांवर आली होती. केतकी खाली बसली नाही.

“तात्या, तुमच्या विशीत मोठी माणसं तुम्हाला काय म्हणायची?”

तात्या खुलले. “काय म्हणणार! तमाशाच्या नादानं वाया गेलेली कार्टी!”

“तरी वेशीजवळची तालीम त्यांनीच बांधून दिली ना?”

“दिली की! स्वतः दगड वाहून!”

“मग त्यांची शिवी तुम्ही आमच्यापर्यंत नीट पोचवलीत. आता त्यांची दानतही पोचवा.”

सभा खो खो हसली. तात्यांनी ठरावासाठी हात वर केला खरा, पण तोवर बाकीचे सगळे हात वर गेले होते.